माळ्यावरच्या पट्ट्या

"ताई, मी पास झालो!" असं ओरडत माझा भाऊ दुकानात शिरला आणि हातातलं पत्र त्याने माझ्या कापायच्या टेबलावर, नेमकं खडूने आखलेल्या बाहीवर, आपटलं.

माझ्या तोंडात टाचण्या होत्या. तोंडात टाचण्या असल्या की मी बोलत नाही, आणि तोंडात खिळे असले की तो बोलत नाही. आम्हा बहीणभावांचं इतकी वर्षं पटलं त्याचं निम्मं श्रेय या धातूला द्यायला हवं. मी शिंपीण, तो तसबिरींचा फ्रेमवाला. दोघांची दुकानं एकाच भिंतीच्या दोन बाजूंना. लहानपणीसुद्धा तो ओठांत खिळे धरून घरभर हिंडायचा, म्हणून आईने त्याचं नाव खिळ्या ठेवलं. आता अठ्ठेचाळीस वर्षांचा झालाय, बावीस वर्षांच्या मुलीचा बाप आहे, तरी खिळ्याच.

"वाच ना. मोठ्यांदा वाच," तो म्हणाला. "मला ऐकायचंय."

मी टाचण्या एकेक करून उशीत खोचल्या. पत्र त्या केंद्राचं होतं, जिथे आम्ही दोघं वर्षातून एकदा डोकी तपासून घ्यायला जातो. लिहिलं होतं की आपल्या नोंदींनुसार गेल्या तीन वर्षांत आपल्या स्मरणशक्तीत आणि रोजच्या कामांत काहीही घट झालेली नाही, सबब नव्या औषधाच्या चाचणीसाठी आपली निवड करता येत नाही. कळावे.

"मग चांगलंच आहे की," मी म्हटलं. म्हणताना माझाच आवाज मला पातळ वाटला. "घट नाही म्हणतायत. आणि हे कसलं औषध? तू अर्ज कधी केलास?"

"पाकीट फोडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी."

मी कात्री खाली ठेवली. पाकीट म्हणजे काय हे आम्हा दोघांना एकमेकांना सांगावं लागत नाही, पण तुम्हाला सांगायला हवं.

आमच्या आईच्या वडिलांना पन्नाशीच्या आतच काही ओळखू येईनासं झालं. तेव्हा लोक म्हणाले, डोक्यावर परिणाम झाला. मग आई. ती टपाल कचेरीत पत्रं लावायची, भिंतभर खणांमध्ये, बघता बघता, एकही चूक न करता. एकोणपन्नासाव्या वर्षी ती पत्रं चुकीच्या खणांत टाकायला लागली. तिच्याबरोबरच्या बायकांनी वर्षभर कुणाला कळू दिलं नाही. ती घरी गेली की त्या मागे थांबून तिची पत्रं पुन्हा लावायच्या. आम्हाला कळलं तेव्हा ती मला "बाई, तुमचं पत्र नाही आलं आज" म्हणायला लागली होती. पुढे दहा वर्षं गेली. त्या बायकांना मी आजवर देवमाणसं म्हणत आले.

हा आजार आमच्या रक्तात आहे. आईकडून आलेला, अर्ध्या मुलांना येतो आणि अर्ध्यांना नाही. केंद्राने आठ वर्षांपूर्वी दोघांचंही रक्त घेतलं आणि उत्तरं दोन पाकिटांत बंद करून ठेवली. ज्याला हवं त्याने आपलं पाकीट मागायचं. आम्ही ठरवलं होतं, मागायचं नाही. माझ्यापुरतं बोलायचं तर न फोडताही मला अंदाज आलाय. आईचं एकोणपन्नासाव्या वर्षी सुरू झालं. मी चोपन्न वर्षांची आहे आणि अजून सुईत दोरा पहिल्या झटक्यात ओवते. एक मूल सुटलं म्हणजे दुसरं अडकतंच असं नसतं, हे मला त्यांनी तीनदा समजावून सांगितलंय. मला ते तीनदा पटलंय, आणि चौथ्यांदा पटलेलं नाही.

"काय निघालं पाकिटात?" मी विचारलं.

"अभिनंदन निघालं! काय निघणार?" तो खुर्चीवर बसला. "आहे, ताई. माझ्यात आहे. आणि मला माहीत होतंच. माझ्या हाताला माझ्याआधी कळतं. म्हणून अर्ज केला. ज्यांची घसरण नुकती सुरू झालीय त्यांनाच घेतात. फार पुढे गेलेले चालत नाहीत, धडधाकट चालत नाहीत. मी म्हटलं, चला, आयुष्यात एकदा तरी आपण नेमक्या मापाचे निघालो. आणि हे म्हणतात, तू धडधाकट! ताई, परवा मी घरी जाताना दोनदा तुझ्याच दुकानात शिरलो."

"भेटायला आलास म्हणालास."

"मग काय म्हणणार?"

मी बाहीवरचा खडू झटकला. झटकायची काही गरज नव्हती.

"त्यांचं काहीतरी चुकलंय," तो म्हणाला. "परीक्षेत शब्द आठवतात मला, ते ठीक आहे, ते आपण..." इथे त्याने भिंतीकडे पाहिलं. "पण तो जो फॉर्म असतो, घरच्या माणसाने भरायचा, चाळीस प्रश्नांचा. त्यात तर दिसलं असेल ना? तू भरतेस तो. काय लिहिलंस तू?"

आता जे मी केलं ते सांगते.

केंद्रात परीक्षा घेणाऱ्या बाईंना आम्ही पेन्सिलबाई म्हणतो, कारण त्या दरवेळी नवी टोकदार पेन्सिल पुढे करतात. त्या पंधरा शब्द वाचून दाखवतात. ते म्हणायचे, मग अर्ध्या तासाने पुन्हा म्हणायचे. शिवाय चित्रं काढायची, शंभरातून सात सात वजा करायचे, एका मिनिटात जनावरांची नावं घ्यायची. माझी पाळी सकाळी असते, खिळ्याची दुपारी. मधे आम्ही खालच्या बाकावर बसून डबा खातो. पहिली पाच वर्षं आम्ही डबाच खाल्ला. तीन वर्षांपूर्वी त्याने घास हातात धरला आणि म्हणाला, "ताई, भीती वाटतेय गं." चव्वेचाळीस पंचेचाळीस वर्षांचा बाप्या माणूस, डब्याचं झाकण हातात घेऊन. त्या वर्षाची शब्दांची यादी सगळ्यांना एकच असते, आणि ती सकाळीच माझ्या डोक्यात बसलेली होती. मी ती त्याला सांगितली. "शिट्टी, पाट, कंदील..." तो हसला, घास तोंडात घातला, वर गेला आणि पंधरापैकी बारा शब्द सांगून आला. पुढल्या वर्षी मी न विचारताच सांगितले. त्याच्या पुढल्या वर्षी दोनदा घोकून घेतले.

ते त्यालाही माहीत होतं. फॉर्मचं माहीत नव्हतं.

फॉर्ममध्ये दर प्रश्नापुढे चार चौकोन असतात. गेल्या वर्षीच्या मानाने: सुधारलं, तेवढंच, थोडं कमी, बरंच कमी. वेळ पाळतो का? तेवढंच. ओळखीचे रस्ते? तेवढंच. आपलं नेहमीचं काम करतो का? तिथे माझं पेन प्रत्येक वेळी थांबायचं, आणि प्रत्येक वेळी त्याच चौकोनात उतरायचं.

"तेवढंच," मी म्हटलं.

"कशाला तेवढंच?"

"सगळ्याला. चाळीसच्या चाळीस."

"तीन वर्षं?"

"तीन."

त्याने पत्राची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. तोंडात खिळे नसताना तो गप्प बसला की माझा जीव वरखाली होतो.

"का गं?"

"का म्हणजे? 'माझ्या भावाला काम जमत नाही' असं मी सरकारी कागदावर लिहून देऊ?"

"सरकारी नाहीये तो."

"शिक्का असतो त्याच्यावर!"

"ताई, तुला माझी दया आली. मला औषध हवं होतं." तो उठला. "माझ्यावर नाही चाललं तरी चालेल. पोरीवर वेळ येईल तेव्हा त्यांना काहीतरी ठाऊक असेल, एवढंच माझं म्हणणं होतं. नावं महिनाअखेरीला बंद होतायत. आणि मी, तुझ्या कृपेने, ठणठणीत."

"तू तरी माझा फॉर्म भरताना काय दिवे लावलेस?" रागाला काहीतरी हवं असतं, मी हाताला लागेल ते उचललं. "तूही तेच केलं असशील."

"मी खरं लिहिलं. दरवर्षी."

"काय लिहिलंस?"

"किल्ल्या विसरते. छत्र्या हरवते. एकच गोष्ट तीन तीनदा सांगते. लोकांची नावं चुकवते."

माझा पारा चढला. "हे लिहिलंस? माझ्याबद्दल? परक्या बाईला?"

"आणि खाली लिहिलं," तो दारातून म्हणाला, "लहानपणापासून."

तो गेला. पलीकडून करवतीचा आवाज आला, मग थांबला, मग पुन्हा आला. मग पट्टी जमिनीवर पडल्याचा. हा आवाज गेली तीन वर्षं माझ्या चांगल्या ओळखीचा आहे.

आता माळ्याविषयी.

फ्रेमची पट्टी कापताना माप चुकलं की ती गेली. लाकूड वाढवता येत नाही. पूर्वी खिळ्याची वर्षाला एखादी पट्टी वाया जायची आणि तो ती हातात घेऊन सगळ्या गल्लीला दाखवायचा, हे बघा, आज आमचंही नाक कापलं. तीन वर्षांपूर्वी त्याने दाखवणं बंद केलं. चुकलेल्या पट्ट्या तो दुकानाच्या मागल्या दारामागे उभ्या करून ठेवायला लागला. त्याला वाटायचं, केरवाला नेत असेल. केरवाला नेत नव्हता, मी नेत होते. गिऱ्हाइकाला दिसू नयेत म्हणून. दर शनिवारी तो जेवायला गेला की मी त्या उचलायची आणि माझ्या दुकानाच्या माळ्यावर टाकायची. जळणाला द्यायला हात होईना. कापडाचा तुकडासुद्धा फेकताना ज्या बाईचा हात अडतो, ती चांगलं घोटलेलं लाकूड कुठून फेकणार?

आणि माझ्या दुकानात कुठलाही गठ्ठा चिठ्ठीशिवाय वर जात नाही. तीस वर्षांची सवय आहे. तारीख, कुणाचं, किती. हात आपोआप करतो. पट्ट्यांचा गठ्ठा चिंधीने बांधला की मी चिठ्ठी टाचायची: अमुक तारीख, खिळ्या, दोन पट्ट्या. अमुक तारीख, खिळ्या, पाच.

त्या संध्याकाळी मी शिडी लावून माळ्यावर चढले आणि गठ्ठ्यांमध्ये बसून राहिले. फॉर्ममध्ये जे मी लिहिलं नव्हतं ते सगळं माझ्याच अक्षरात तिथे बांधून ठेवलेलं होतं. मी जन्मभर बायकांना ओरडत आले की बाई गं, माप घेताना पोट आत ओढू नका, ब्लाउज तुम्हालाच घालायचाय. आणि स्वतः काय केलं? भावाचं पोट मीच आत दाबून धरलं आणि टेप दुसरीच्या हातात दिला.

मग आईच्या त्या देवमाणसांची आठवण झाली आणि पहिल्यांदाच त्यांचा राग आला. वर्षभर! एक वर्ष आधी कळलं असतं तर काय झालं असतं? काहीच झालं नसतं, तेव्हा औषध नव्हतं. पण तरी.

सकाळी मी खिळ्याच्या दुकानात गेले. "चल," म्हटलं. "केंद्रात जायचंय. आणि हे उचलायला लाग."

त्याने गठ्ठे पाहिले. एक सोडला. पट्टी हातात फिरवली. "ही माझी आहे."

"सगळ्या तुझ्याच आहेत."

"मला वाटलं केरवाला..."

"मी केरवाला. उचल."

बसमध्ये आमच्या गठ्ठ्यांनी चार जागा अडवल्या. कंडक्टरने विचारलं, "काय, घर बांधताय का?" खिळ्या म्हणाला, "नाही हो, ताईने माझं प्रगतिपुस्तक जपून ठेवलंय." मी खिडकीबाहेर पाहिलं. एवढं झाल्यावरही त्याला विनोद सुचत होता आणि मी मांडीवरच्या गठ्ठ्याची गाठ पुन्हा पुन्हा आवळत होते.

पेन्सिलबाईंनी सगळं ऐकून घेतलं. डब्याचं, शब्दांचं, फॉर्मचं. ऐकता ऐकता त्यांनी हातातल्या पेन्सिलीचं टोक टेबलावर दाबलं ते मोडलं, आणि त्यांच्या लक्षातही आलं नाही.

"तुम्हाला कळतंय का तुम्ही काय केलंत?" त्या शांतपणे म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "एकट्या तुमच्या भावाचा प्रश्न नाही. इथे शंभरावर घरं येतात. सगळ्यांच्या आलेखातल्या रेषा एकत्र ठेवून आम्ही शोधतो की घसरण नेमकी कधी सुरू होते. तुमच्या भावाची सरळसोट रेषा त्यात मिसळून बसलीय. तीन वर्षं. ती बघून आम्ही आपापसात म्हणायचो, हे गृहस्थ इतके टिकलेत कसे? त्यांच्यावर वेगळा अभ्यास करावा असं चाललं होतं."

"म्हणजे मी जवळजवळ प्रसिद्ध झालो होतो," खिळ्या म्हणाला.

"ती रेषा खोडून टाका," मी म्हटलं.

"एकदा चढलेला आकडा खोडता येत नाही. तो भरवशाचा नाही, एवढं शेजारी लिहिता येतं."

"मग लिहा ना!"

"लिहीन. पण त्या जागी ठेवायला माझ्याकडे काय आहे? तुमचा शब्द? तुमचा शब्दच तर तीन वर्षं तिथे होता."

मी पहिला गठ्ठा टेबलावर ठेवला, चिंधी सोडली आणि चिठ्ठी वर केली. पेन्सिलबाईंनी चिठ्ठी वाचली. दुसरी वाचली. मग उठून दार लावलं आणि म्हणाल्या, "जमिनीवर मांडा. तारखेप्रमाणे."

दीड तास आम्ही तिघं त्या खोलीच्या फरशीवर गुडघ्यांवर होतो. खिळ्याने खिशातली स्टीलची पट्टी काढली आणि स्वतःच्या चुका स्वतः मोजायला घेतल्या. दर लाकडामागे त्याने पेन्सिलीने लिहून ठेवलेलं माप आणि प्रत्यक्षातली लांबी. "माप चारशे, काप तीनशे अठ्ठ्याण्णव." पेन्सिलबाई लिहीत होत्या. पहिल्या वर्षी सगळा फरक दोन-तीन मिलिमीटरचा. मग बोटभर. मग एक गठ्ठा असा आला की त्यात एका चौकटीच्या तीन लांब बाजू होत्या आणि एकच आखूड.

"हे बघा," खिळ्या त्यांना समजावून सांगायला लागला, "इथे लांबी चुकलीय, पण कोन बघा! कोनाचा काप बरोबर पंचेचाळीस. जोड बसवून बघा, फट सापडणार नाही." बाईंनी दोन तुकडे जोडून पाहिले. खरंच फट नव्हती. त्याचा चेहरा खुलला. मग त्याची नजर तिसऱ्या लांब बाजूवर गेली आणि तो ती हातात धरून तसाच बसून राहिला.

"ही मी कापताना," तो म्हणाला, "मला आठवतंय, ताई. मी चारदा मोजलं होतं."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याने तो झटकला नाही, पण त्याला तो आवडलाही नाही. रागावला होता अजून. रागावू दे.

त्या दुपारी नव्या यादीवर त्याची परीक्षा झाली. मला बाहेर बसवलं, आणि चाळीस प्रश्नांचा कोरा फॉर्म हातात दिला. दार जुनं, नीट मिटत नव्हतं. आतून पेन्सिलबाईंचा सपाट आवाज यायचा: "पायरी. लिंबू. ढोल. खिडकी. साबण..." पंधराच्या पंधरा शब्द मला बसले. काय करणार, मला ऐकलेलं सुटत नाही.

मग अर्धा तास. मग बाई म्हणाल्या, "आता आठवतील तेवढे सांगा."

"पायरी," खिळ्या म्हणाला. "लिंबू. ढोल." मग काही नाही. मी दोन्ही हात मांड्यांखाली घातले. खिडकी रे, खिडकी. तुझ्या समोरच असेल. माझे ओठ हलायला लागले तसे मी ते दाबून धरले. आणि मग मला कळलं की मी मनात दुसरंच काहीतरी म्हणतेय. मी म्हणत होते, नको आठवू देऊस. देवा, त्याला आणखी एकही नको आठवू देऊस. तीन बरे आहेत, तीनवर घेतील.

माझ्या भावासाठी मी हे मागितलं. याच्यापेक्षा खोटं लिहिणं सोपं होतं.

"शिट्टी," आतून आवाज आला. एकदम ठाम. "पाट. कंदील."

ते या यादीत नव्हते. ते मी तीन वर्षांपूर्वी बाकावर बसून, डब्याच्या झाकणावर बोट आपटत, त्याच्या डोक्यात ठोकून बसवलेले होते.

मी फॉर्म भरला. वेळ पाळतो का? थोडं कमी. ओळखीचे रस्ते? थोडं कमी. आपलं नेहमीचं काम? बरंच कमी. त्या चौकोनात खूण करताना कागद फाटला, बाईंनी मागून चिकटपट्टी लावून दिली.

बाहेर आल्यावर त्याने विचारलं, "किती आले?"

"तीन."

"बास?"

"बास."

"छान," तो म्हणाला. आणि थोडं पुढे गेल्यावर, "तुला पंधराही आठवत असतील ना? सांगू नकोस. मला ऐकायचे नाहीत."

पंधरा दिवसांनी केंद्रातून फोन आला. या वेळच्या निवडीत त्याला घेता येत नव्हतं. नियम म्हणजे नियम, घसरण किमान दोन वर्षांची दिसायला हवी आणि आकड्यांत दिसायला हवी. पण त्यांच्या समितीने पट्ट्यांचे फोटो आणि तारखा पाहिल्या होत्या. त्यांच्या आधारावर त्यांनी एवढं कबूल केलं की दोन वर्षांच्या जागी सहा महिने पुरतील. त्या दुपारच्या परीक्षेचा आकडा एक, सहा महिन्यांनी दुसरा. मधल्या काळात घरच्या माणसाने दर आठवड्याला, तारखेसकट, जे दिसेल ते लिहायचं. कमी नाही, जास्त नाही. मग दुसऱ्या तुकडीत त्याचा विचार होईल.

"सहा महिने," मी फोन ठेवून म्हटलं. "तोवर तू फार पुढे गेलास तर?"

"तर घेणार नाहीत," खिळ्या म्हणाला. "आणि अजिबात नाही गेलो तरी घेणार नाहीत. तुझ्या भाषेत, ना सैल, ना घट्ट." त्याने खिळ्यांचा डबा बंद केला. "ताई, एक गोष्ट सांगतो. या वेळी तू एकही चौकोन माझ्या बाजूने भरलास ना, तर मी तुझ्याकडून आयुष्यात बटणसुद्धा लावून घेणार नाही."

"आणि मी जास्त लिहिलं तर? तुला औषध मिळावं म्हणून?"

"तसंही नाही." तो चिडला. "खरं लिही! एवढं कठीण आहे का?"

आहे. रोज आहे. एखाद्या शनिवारी तो दिवसभर लख्ख असतो, गल्लीतल्या प्रत्येकाची खोड काढतो, एकही पट्टी वाया जात नाही, आणि मी वही उघडून "काही नाही" असं लिहिते तेव्हा मला आनंद व्हावा की धाकधूक, हे कळत नाही. वही माझी मापांचीच आहे. पुढून गिऱ्हाइकं, मागून खिळ्या. मापाच्या वहीत माणूस बदललं की मी जुनं माप खोडत नाही, खाली नवं लिहिते. त्याचंही तसंच चाललंय. भाचीचा फोन आला की ती विचारते, "आत्या, बाबा कसे आहेत?" आणि मी वही वाचून दाखवते. तिला तेच हवं असतं. "तुझं मत नको," म्हणते, "वहीत काय आहे ते सांग." बापावर गेलीय.

चुकलेल्या पट्ट्या आता दारामागे जात नाहीत. तो स्वतः घेऊन येतो, टेबलावर टाकतो आणि म्हणतो, "घे, आजचा हप्ता." मी मोजते, चिठ्ठी टाचते, लिहिते. कधी कधी आम्ही दोघंही तोंडात टाचण्या आणि खिळे धरून हे करतो, म्हणजे बोलावं लागत नाही.

काल दुपारी तो आला. एक पट्टी टाकली, अक्रोडी रंगाची, चांगली. "तीनशे साठ हवी होती," म्हणाला. "पार घोळ घातलाय बघ."

मी टेप लावला. मग त्याची स्टीलची पट्टी मागून घेतली आणि ती लावली. मग उजेडाकडे धरून पुन्हा लावली.

"ही तीनशे साठच आहे," मी म्हटलं.

"नाही गं."

"अरे, बरोबर आहे ही! एक मिलिमीटरचा फरक नाही. घेऊन जा आणि लाव."

त्याने पट्टी हातात घेतली, मोजली, माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. आम्हाला दोघांना एकाच वेळी हसू आलं, आणि त्याचं आधी थांबलं.

"मग," त्याने विचारलं, "हे चुकीत धरायचं का?"

मला ते धरायचं नव्हतं. चांगली पट्टी होती. इतकी नेमकी पट्टी त्याने कित्येक आठवड्यांत कापली नव्हती. मी मागल्या बाजूने वही उघडली, तारीख घातली, आणि तो खांद्यावरून वाचत असताना लिहिलं: पट्टी बरोबर कापली. चुकली म्हणून आणून दिली.

"'पट्टी बरोबर कापली' खाली रेघ मार," तो म्हणाला.

मी मारली.